जुनी मोटार आणि धुराची परीक्षा



या व्यासपीठावरून काल संतवाङ्मयावर भाषण झाले आणि आज मी मोटारीच्या सायलेन्सरविषयी बोलणार आहे. ही उतरण जरा तीव्र आहे, याची मला कल्पना आहे. मी इंजिनियर नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना तक्रारी ऐकायच्या, त्यांची चौकशी करायची आणि दोष खरोखर कोणाचा हे शोधायचे, एवढेच मी शिकलो. मोटारीचे जे थोडेफार कळते ते गॅरेजमध्ये उभे राहून आणि पुस्तके चाळून कळले. तेव्हा हे विद्वानाचे व्याख्यान न समजता एका अनुभवाचे निवेदन समजावे.

विषय साधा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी असते. ती पीयूसीला, म्हणजे धुराच्या परीक्षेला नेली की एखाद्या दिवशी नापास होते. मग पुढे काय करायचे? बहुतेक लोक दोनपैकी एक मार्ग धरतात. कोणी ओळखीच्या माणसाकडून कागद मिळवतो, तर कोणी मिस्त्री सांगेल तो महाग भाग बदलून टाकतो. दोष कुठे आहे हे शोधण्याचा तिसरा मार्गही आहे, आणि तो बहुधा सर्वांत स्वस्त असतो.

आमच्या संघटनेची एक गाडी आहे. २००६ साली नोंदलेली, चार माणसांची, पेट्रोलवर चालणारी. जिल्हाभर सभांना जायचे ते तिच्यातूनच. २०२२ च्या जानेवारीत एका सकाळी ती पीयूसीला नेली आणि ती नापास झाली. आमच्या ड्रायव्हरने चिठ्ठी आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती वाचली नाही. ‘नापास’ एवढा शब्द पाहिला आणि गाडी गॅरेजला पाठवली. तेथे सांगण्यात आले की कन्व्हर्टर गेला, नवा घालावा लागेल. नवा घातला. वर्गणीदारांचे पुष्कळ पैसे गेले. त्याच दुपारी गाडी पुन्हा परीक्षेला नेली आणि ती पास झाली. आम्ही समाधान मानले. जुलैमध्ये मुदत संपली, पुन्हा नेली, आणि नव्या कन्व्हर्टरसकट ती पुन्हा नापास!

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी त्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते ते पाहू. ते कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळावयाची नाही.

परीक्षेच्या वेळी सायलेन्सरच्या तोंडात एक नळी घालतात. तिच्यातून आलेल्या वायूतून यंत्र अवरक्त किरण सोडते आणि कोणता वायू किती किरण शोषून घेतो यावरून त्याचे प्रमाण काढते. आपल्या गाडीला दोन आकडे महत्त्वाचे. पहिला कार्बन मोनॉक्साइडचा, तो टक्क्यांत असतो. दुसरा हायड्रोकार्बनचा, तो दहा लाख भागांत किती भाग असा असतो. भारत स्टेज दोन आणि तीन या मानकांच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बनची ७५० आहे. त्याहून जुन्या, कार्बोरेटरच्या जमान्यातल्या मोटारींना ३ टक्के आणि १५०० अशी सवलत आहे. भारत स्टेज चारच्या गाड्यांना मात्र ०.३ टक्का आणि २०० इतकी कडक मर्यादा आहे. पुष्कळ यंत्रे याच कागदावर कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू यांचेही आकडे देतात. ते वाया गेलेली शाई नव्हे, त्यांचाही उपयोग आहे.

आता या आकड्यांचा अर्थ काय? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा पुरेशी मिळाली की पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. हवा कमी पडली की जळण अर्धे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. चुलीत लाकडे कोंबली आणि फुंकणी मारली नाही तर जे होते तेच. मोनॉक्साइड वाढला म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. हायड्रोकार्बन म्हणजे जळलेच नाही असे पेट्रोल. ते वाढले म्हणजे ठिणगी पडली नाही, किंवा पडूनही पेट घेतला नाही. गॅरेजच्या भाषेत, इंजिन ‘मिस मारते’.

तेव्हा मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन बेताचा असेल, तर पेट्रोल जास्त का जाते ते शोधावे. एअर फिल्टर चोंदला आहे का? कार्बोरेटरच्या गाडीत चोक अडकला आहे का, फ्लोटची पातळी वर गेली आहे का, जेट झिजला आहे का? इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर गळतो का, ऑक्सिजन सेन्सर मेला आहे का? याउलट मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल, तर प्लग, प्लगच्या वायरी, ठिणगीची वेळ आणि व्हॉल्व्हची गाळी पाहावी. एखादी रबरी नळी तडकून फुकटची हवा आत जात असेल, तर मिश्रण इतके पातळ होते की ते पेटतच नाही. तेव्हाही हाच आकडा वाढतो. दोन्ही आकडे थोडे आणि प्राणवायू मात्र भरपूर दिसला, तर आनंद मानू नये. सायलेन्सरला कुठेतरी भोक असून त्यातून बाहेरची हवा मिसळत असण्याचा संभव असतो, आणि अशी गाडी खोटीच पास होते.

कन्व्हर्टर हा या रांगेतला शेवटचा माणूस. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये तो बसवलेला असतो. मधाच्या पोळ्यासारखी त्याची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. इंजिनाने अर्धवट टाकलेले काम तो पुरे करतो, मोनॉक्साइड आणि उरलेले पेट्रोल जाळून टाकतो. पण त्यासाठी तो अडीचशे-तीनशे अंश तापला पाहिजे आणि वरून येणारा कचरा बेताचा असला पाहिजे. कचरा अति आला की तो जास्त तापतो आणि अखेर आतून वितळतो. इंजिन ऑइल खात असेल, तर त्या ऑइलमधल्या द्रव्यांनी त्याच्यावर विषारी पुट चढते. शिसे असलेल्या पेट्रोलने तर तो लवकरच निकामी होतो. म्हणूनच कन्व्हर्टरच्या गाड्यांबरोबर आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० सालच्या फेब्रुवारीपासून ते देशभर लागू झाले.

कन्व्हर्टर आपणहून क्वचित मरतो, त्याला वरचे मारतात. वरचा दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर घालणे म्हणजे खात्याची व्यवस्था न सुधारता शेवटच्या टेबलावरचा कामगार बदलणे. माल खराब निघाला की तपासणीच्या टेबलावर उभा असलेल्याला पकडायचे, ही रीत मी कारखान्यांत पुष्कळ पाहिली आहे. कच्चा माल कसा होता, यंत्राला तेल कधी घातले होते, हे कोणी विचारीत नाही. अशा माणसाच्या बाजूने मी अनेक चौकशांत उभा राहिलो आहे. आणि तरीही आमच्या गाडीच्या बाबतीत मी तीच चूक केली. ती चूक नुसती कन्व्हर्टरपुरती राहिली नाही, हे सांगणे मला प्राप्त आहे.

त्या वर्षभरात आमच्या गाडीचे पेट्रोल वाढले होते. लिटरला सोळा किलोमीटर धावणारी गाडी बारावर आली. कार्यकारिणीत कुजबुज सुरू झाली की ड्रायव्हर पेट्रोल विकतो. तो म्हणत होता, “अण्णा, गाडीच जास्त खाते, मी काय करू?” मी त्याचे ऐकून घेतले, पण मनावर घेतले नाही. जुलैमध्ये गाडी दुसऱ्यांदा नापास झाली त्याच आठवड्यात, पेट्रोलच्या हिशेबाचा खुलासा करावा अशी लेखी नोटीस आम्ही त्याला दिली. खाली सही माझी होती. आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेल्या कारणे दाखवा नोटिसांना उत्तरे लिहिणारा मी, अशी नोटीस लिहायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत.

योगायोगाने त्या दिवसांत एका जुन्या मिस्त्रींकडे जाणे झाले. कार्बोरेटर उघडण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. मी म्हटले, “मिस्त्री, कन्व्हर्टर नवा आहे, तरी गाडी पास होत नाही.” त्यांनी बॉनेट उघडले नाही. म्हणाले, “आधी कागद दाखवा. तिन्ही दाखवा.”

तिन्ही चिठ्ठ्या फायलीत होत्या. त्यांनी त्या ओळीने मांडल्या. जानेवारीत मोनॉक्साइड २.१ आणि हायड्रोकार्बन मर्यादेच्या पुष्कळ खाली. जुलैत १.८, बाकी तसेच. मधल्या चिठ्ठीत ०.४, म्हणजे जेमतेम पास. मग त्यांनी आकड्यांवरून बोट उचलून वेळेवर ठेवले. चिठ्ठीवर परीक्षेची वेळ छापलेली असते, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. दोन्ही नापास सकाळच्या थंड वेळेच्या. पास झालेली चिठ्ठी दुपारची.

“त्या दुपारी गाडी कुठून आणली होती?” त्यांनी विचारले.

ड्रायव्हर म्हणाला, “गॅरेजपासून बाजारातूनच आणली. रहदारीत अर्धा तास अडकलो होतो. मग सेंटरवर रांग होती. गाडी चालूच होती.”

“आणि बाकीच्या दोन्ही वेळा?”

“गावाकडून हायवेने. सकाळची, मोकळा रस्ता.”

मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारला, “हायवेला गरमीचा काटा कुठे असतो?” ड्रायव्हर म्हणाला, “हल्ली खालीच असतो. पावभरही चढत नाही. मला वाटले, गाडी थंड राहते हे चांगलेच.”

“यात थर्मोस्टॅटच नाही,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी बॉनेट उघडले, पाण्याच्या नळीचे तोंड सोडले, आणि आतली जागा रिकामी होती.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचे छोटे दार. पाणी सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापेतो ते बंद राहते, मग उघडते. त्यामुळे इंजिन लवकर तापते आणि नेमक्या तापमानावर राहते. ते काढून टाकले की पाणी सदासर्वकाळ रेडिएटरमधून फिरते. मोकळ्या रस्त्यावर वारा लागून इंजिन गारच राहते. इंजेक्शनच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. इंजिन गार आहे असे त्याला पाण्याच्या सेन्सरने कळवले की तो सकाळी चोक ओढावा तसे पेट्रोल वाढवतो. आमची गाडी अशी दिवसभर चोक ओढून धावत होती. रहदारीत अर्धा तास उभी राहिली तेव्हाच ती नीट तापली आणि पास झाली. आम्ही श्रेय नव्या कन्व्हर्टरला दिले, ते होते बाजारातल्या गर्दीचे.

मग तो जास्त पेट्रोलचा हिशेबही आपोआप सुटला. कार्बन पूर्ण जळून जेवढी उष्णता देतो, तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उष्णता तो मोनॉक्साइड होऊन थांबला तर देतो. चिठ्ठीवरचा २.१ हा आकडा म्हणजे अर्धवट जळून सायलेन्सरवाटे निघून गेलेले आमचे पेट्रोल होते. आमच्या टेबलावर जानेवारीपासून ड्रायव्हरच्या निर्दोषपणाचा पुरावा छापील स्वरूपात पडून होता, आणि आम्ही त्याला जुलैत नोटीस दिली.

थर्मोस्टॅट कोणी काढला, हे शोधायचे राहिले होते. ड्रायव्हरला आठवले. २०२१ च्या उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली होती. रस्त्याकडेच्या मिस्त्रीने ‘व्हॉल्व्ह’ काढून दिला आणि गाडी पुढे गेली. मी जुनी व्हाउचरे काढली. ‘पाण्याचा व्हॉल्व्ह काढणे, मजुरी’ असे एक व्हाउचर निघाले. मंजुरीची सही माझीच. काय काढले, का काढले, मी विचारले नव्हते. गाडी मुळात तापली का? रेडिएटर क्षाराने चोंदला होता, कारण आम्ही त्यात कूलंटऐवजी बोअरचे पाणी घालीत होतो. आणि कूलंट का घातले नाही? त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीची रक्कम निम्मी केली होती. तो ठराव मांडणाराही मीच. पाहा, शेवटच्या माणसापासून निघालो आणि धागा ओढीत ओढीत चिटणिसाच्या खुर्चीपर्यंत आलो.

रेडिएटर साफ केला, कूलंट भरले, थर्मोस्टॅट नवा बसवला. कन्व्हर्टरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. पुढच्या परीक्षेत मोनॉक्साइड ०.१ वर आला, तोही सकाळच्या वेळी.

आपल्या गाडीवर हीच वेळ आली तर काय करावे, ते मी क्रमाने सांगतो. पहिले, चिठ्ठी फेकू नका. जुन्या चिठ्ठ्याही जपून ठेवा, आणि कोणता आकडा वाढला तेवढे आधी पाहा. दुसरे, गाडी वीसेक मिनिटे चालवून नीट तापवूनच परीक्षेला न्या, कारण थंड गाडीची परीक्षा ही तिची खरी परीक्षा नव्हे. तिसरे, स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारे आधी तपासा: एअर फिल्टर, प्लग, तडकलेल्या नळ्या, जुने ऑइल. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेले असेल तर त्याची वाफ पुन्हा इंजिनात जाते आणि आकडा वाढवते. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवेलच असे नाही, म्हणून नळ्या हाताने वाकवून पाहाव्यात. चौथे, गरमीचा काटा. पाचवे, सेन्सर, पण तो मोजून पाहावा, अंदाजाने बदलू नये. ऑक्सिजन सेन्सर ठीक असेल तर तापलेल्या इंजिनात त्याचा दाब शून्य आणि एक व्होल्ट यांच्यामध्ये सतत खालीवर होतो; एका जागी थिजला तर शंका घ्यावी. सहावे, इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह. कन्व्हर्टर अगदी शेवटी. आतून तुटला असेल तर तो खडखडतो, चोंदला असेल तर गाडीची ओढ जाते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

आता त्या पहिल्या मार्गाविषयी, म्हणजे नळी न घालता मिळवलेल्या कागदाविषयी, दोन शब्द. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पण मी दंडाची भीती घालायला आलेलो नाही. कार्बोरेटरचा स्क्रू परीक्षेपुरता पिळायचा आणि घरी येऊन परत सोडायचा, ही युक्तीही प्रचलित आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या दिवशी कारखान्याला चुना लावतात, तशातलाच हा प्रकार. त्यात फसतो कोण? यंत्र नव्हे.

लॉस एंजेलिस शहरावर १९४० नंतर डोळे झोंबवणारे धुके साचू लागले, तेव्हा लोकांनी कारखान्यांना आणि कचरा जाळणाऱ्यांना दोष दिला. हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ तोवर अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. मोटारीतून निघालेले न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडून हा विषारी ओझोन होतो, असे त्यांनी १९५० नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. मोटारउद्योगाने ते सहजासहजी मानले नाही. आज आपण जी नळी सायलेन्सरमध्ये घालतो, तिच्यामागे हा इतिहास आहे.

कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून २०० पटींपेक्षा अधिक जोराने चिकटतो. चौकात दिवसभर उभा असलेला वाहतूक हवालदार, सिग्नलवर गजरे विकणारी बाई, उघड्या रिक्षात बसलेला चालक हे तो सर्वांत आधी श्वासात घेतात. शटर अर्धे ओढलेल्या गॅरेजमध्ये चालू इंजिनाशेजारी काम करणारा पोरगाही तो घेतो, आणि त्याला डोके दुखते ते जागरणाने असे वाटते. या कोणाकडेही आपल्या गाडीचा कागद पाहायला मागण्याची सोय नाही. म्हणून परीक्षेच्या वेळी नळी आत गेली की नाही, हे आपणच उभे राहून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

ड्रायव्हरची गोष्ट तेवढी अर्धी राहिली. पुढच्याच कार्यकारिणीत मी सारी हकीकत सांगितली, नोटीस मागे घेण्याचा ठराव मांडला आणि सर्वांसमक्ष त्याची माफी मागितली. ठराव एकमताने झाला. सभा संपल्यावर तो जिन्याजवळ थांबला होता. मला वाटले, काही बोलेल, रागावेलही. तो म्हणाला, “अण्णा, नोटीस मागे घेतल्याचा कागद मला शिक्का मारून द्या. घरी दाखवायचा आहे. नोटीस आली तेव्हा पोराने वाचली होती.”

तो कागद मी त्याच रात्री ऑफिस उघडून दिला.